पोटाला न पुरलेली सुतळी

बारामतीच्या दवाखान्यातनं मानसिंग भाईर आला तवा त्येच्या अंगाची नुसती लाही लाही झाली व्हती. डोळ्यात औषध टाकल्यामुळं समदं धुरकट दिसत व्हतं. पायरी कुठं संपली ती कळंना, आन् बायकूचा हात धरायचा तर चारचौघांत लाज. तरी भागूबाईनं त्येचं मनगट धरलंच.

"आवो, जरा दमानं उतरा."

"दमानं काय दमानं! मोतीबिंदू डोळ्यात हाय का बोटात? बोट टोचत्यात आन् घरी जा म्हणत्यात!"

दुसऱ्यांदा परत पाठवलं व्हतं. पयल्या क्यांपाला साखर निघाली तीनशे चाळीस, आज तीनशे बारा. डॉक्टरीण म्हणली, बाबा, दोनशेच्या आत आणल्याबिगर मी हात लावणार न्हाय. जखम चिघळली तर डोळाच जायचा. आता पुढचा क्यांप सहा आठवड्यांनी.

आन् मानसिंगला डोळा एकच. डावा ल्हानपणी मेंढरामागं फिरताना बाभळीच्या काट्यानं गेलेला. आज्याच्या येळंला घरात दीडशे मेंढरं व्हती. आता वालचंदनगरपल्याड दोन एकर ऊस, आन् मेंढरू एकबी न्हाय. पर जनावराची पारख तेवढी ऱ्हायली. दर गुरुवारी बारामतीच्या बाजारात लोक त्येला संगं न्यायचं. मानसिंग मेंढीच्या कमरंवर हात दाबायचा, मांडी चाचपायचा, मग तोंड उघडून दात बघायचा आन् सांगायचा, घ्या न्हायतर सोडा. त्येच्यावर कुणी सवाल करायचा न्हाय.

गेल्या म्हयन्यात मातर घोटाळा झाला. गावच्या ज्ञानेशला त्येनं दोन दाती तरणी म्हणून जी मेंढी घेऊन दिली, ती निघाली म्हातारी. निम्मं दात झिजल्यालं, ते ह्येला दिसलंच न्हाईत. ज्ञानेश वरनं 'चालायचंच आबा' म्हणला. पर पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच गड्याला गाडीवर बसवून घेऊन गेला. तवापास्नं मानसिंगला अन्न गोड लागंना झालं व्हतं.

दुसऱ्या दिशी भागूबाईनं त्येला वढतच गावच्या उपकेंद्रात नेलं. तितं वृषाली म्हणून नर्स. पोरगी बारीक, पर जिभंला धार.

"आबा, उभे राहा सरळ. टाच भिंतीला."

तिनं सुतळीचा गुंडा घेतला, टाचंपास्नं डोक्यापतोर माप धरलं आन् तोडली.

"माझी तिरडी बांधतीस का काय?"

"गप उभे राहा. ही सुतळी तुमच्या उंचीएवढी. आता निम्मी घडी घातली. एवढी सुतळी पोटाला पुरली पाहिजे. सदरा वर करा."

बेंबीवरनं सुतळी फिरवली. दोन टोकांची गाठभेट काय हुईना. मधी वीतभर प्वाट उघडं.

"तू सुतळी कमी तोडली," मानसिंग म्हणला.

"परत मोजू?"

परत मोजली. परत वीतभर.

"आगं, पर माझी कंबर वाढलीच न्हाय! ह्यो करदोडा बघ." मानसिंगनं लेंग्याची नाडी खाली सरकवून काळा दोरा दावला. "दर दिवाळीला जुन्याच्या मापानं नवा तोडतो. लगीन झाल्यापास्नं त्योच माप. एक बोट इकडं न्हाय का तिकडं न्हाय. आता दोरा खोटं बोलंल का?"

वृषालीनं भागूबाईकडं बघितलं. भागूबाईनं पदर तोंडाला लावला.

"आवो, त्यो करदोडा कमरंवर कुठं ऱ्हायलाय? खाली घसारला घसारला, आता जांघंत जाऊन बसलाय. प्वाट त्येच्या वरनं भाईर आलंय. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय!"

"ठावं असतं तर हितं झक मारायला आलो असतो का?"

वृषालीनं दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. तेबी वर. मग मानंला हात लावला. "मान अशी काळी कधीपासून?"

"उनानं. रानात काय सावलीत बसतो व्हय?"

"ऊन कपाळाला लागतं आबा. मानेच्या वळीत कुठं शिरतंय? कातडी जाड होऊन काळी पडली की समजायचं, आत साखरेचा गोंधळ चाललाय. रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"तीनदा," भागूबाई म्हणली. "चारदाबी."

"तू कशाला मोजतीस?"

"कडी कोण लावतं मग?"

"गोड काय खाता?" वृषालीनं इचारलं.

"गोड? सणाला पुरणपोळी. एरवी भाकरी-कालवण. आता भाकरीबी गोड म्हण!"

"चहा?"

मानसिंग सदऱ्याची बटणं लावाय लागला. भागूबाईनंच समदा हिशेब मांडला. बाजार नसंल त्या दिशी गिऱ्हाइकासाठी कुणाच्या दारात जनावर बघायला गेलं की आल्या आल्या एक कप, भाव चालू असताना एक, ठरला की एक. असं दिवसाला तीन-चार दारं. वर घरचा येगळा.

"च्याला काय गोडात धरत्यात?" मानसिंग म्हणला, पर आवाज जरा खाली आला व्हता.

वृषालीनं मोठ्या डॉक्टरास्नी फोनवर इचारून गोळ्या दिल्या. बिनसाखरेचा च्या, चार भाकरीच्या जागी दोन, आन् रोज तासभर चालणं.

गोळ्या सोप्या. च्या अवघड. ह्या भागात गिऱ्हाइकाकडनं आलेल्या माणसानं च्या न्हाय घेतला तर मालक समजतो, जनावर पसंत न्हाय. मानसिंगनं सणसरकडं एका दारात "नगं" म्हणून हात जोडलं, तर म्हातारा तोंड फुगवून बोकड आत बांधून आला. म्हणला, आमच्या बोकडात खोट काढायला आला असशीला तर वाट धरा. दुसऱ्या दारात बिनसाखरेचा मागितला, तर घरची बाई म्हणली, "आमच्या घरात साखरंला दुस्काळ पडला असं वाटलं व्हय आबा?" आन् दोन चमचं जादाच घातलं. मानसिंगनं तेबी पिलं. काय करणार?

तीन आठवड्यांनी बोट टोचलं. दोनशे अडुसष्ट.

मानसिंग घरी आला, गोळ्यांची पिशवी भिताडावर फेकून मारली. "जाऊ दे डोळा! दोन म्हयनं झालं, नुसती टोचाटोच. हितं मोज, तितं मोज. मी काय कारखान्याच्या काट्यावरचा ऊस हाय? एकदा आंधळा झालो की सुटलो!"

"आन् मी?" भागूबाई म्हणली. "मी सुटले व्हय?"

मानसिंगनं सदरा काढून खुट्टीवर फेकला. आंगोळ करायची म्हणून उघडाच जाऊन न्हाणीपाशी दगडावर बसला. भागूबाईनं तापल्यालं पाणी आणून ठेवलं आन् तितंच उभी ऱ्हायली.

"हात लावून बघा की."

"कुणाला?"

"सोताला. बाजारात लावता तसा. गिऱ्हाइकाचं जनावर हाय समजा."

"येडी का खुळी तू?"

"लावा म्हणते ना."

मानसिंगनं हसून उडवायला म्हणून मांडीवर हात टाकला. मांडी हाताला लागली ती नुसती काटकी. वरची कातडी ढिली, मधी मांसच न्हाय. पाठीकडनं कमरंवर बोटं दाबली. मणका बोटाला टोचला. मग प्वाट. प्वाट मातर गच्च, तंगडीला न शोभणारं.

असलं जनावर बाजारात त्येनं हज्जारदा बघितलं व्हतं. इकणारा आदल्या रात्री मीठ चारतो, वर बादलीभर पाणी पाजतो. प्वाट फुगतं, लांबनं भरल्यालं दिसतं. नवखा फसतो. मानसिंग मांडीला हात लावायचा आन् गिऱ्हाइकाच्या कानात सांगायचा, ह्येला हात लावू नगा, ह्यात काय न्हाय.

"काय म्हणताय मग?" भागूबाईनं इचारलं. "घ्यायचं का सोडायचं?"

"सोडायचं," मानसिंग म्हणला. पुन्हांदा मांडी चाचपली, पुन्हांदा प्वाट. पाणी निवलं.

मग त्येनं एक केलं. दारात पाय टाकायच्या आधी लांबनंच वरडायचा, "जनावर झ्याक हाय मालक! पर मला साखर झालीय, च्या कोरा, बिनसाखरेचा, न्हायतर पाणी द्या." लाज वाटायची. साखर झालीय म्हणताना जीभ जड व्हायची. पर कुणी तोंड फुगवलं न्हाय. उलट दोन म्हाताऱ्यांनी हळूच इचारलं, कुठली गोळी घेता ओ आबा? सकाळी कालव्याच्या कडंनं चालायचा. तिसरी भाकरी टोपल्यात बघून चिडायचा, भागूबाईवर उगंच वरडायचा, पर उठायचा.

क्यांपाच्या दिशी बारामतीत साखर निघाली एकशे शहाऐंशी.

भागूबाईनं दोन्ही हात जोडलं. तवर खिडकीवरचा माणूस म्हणला, "तुमचं नाव यादीत नाही."

झालं! मानसिंगनं दवाखाना डोक्यावर घेतला. तिसरी खेप हाय, उपाशी बसिवलंय, यादी काय तुझ्या बाऽची हाय का... नाव सापडलं, दुसऱ्या पानावर. पर तवर सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला व्हता.

"एकशे नव्वद. एवढ्या बीपीवर ऑपरेशन होत नाही आबा."

मानसिंगचं तोंड उघडलं. भागूबाईनं दंडाला आसा चिमटा काढला की तोंड तसंच ऱ्हायलं.

"अर्धा तास त्या बाकड्यावर बसा," सिस्टर म्हणली. "एक शब्द बोलायचा नाही. मग परत बघते."

शेजारी दोन जण शेळीवर बोलत बसल्यालं. एक म्हणत व्हता, शेळी काय, नुसती शिंगं बघून वय कळतं. मानसिंगच्या कपाळाची शीर उडाय लागली. शिंगं बघून! जीभ दाताखाली धरून त्यो भिंतीकडं तोंड करून बसला. भागूबाई त्येच्या गुडघ्यावर हात ठेवून घड्याळाकडं बघत व्हती.

पट्टा परत बांधला. एकशे छप्पन्न.

"चला," सिस्टर म्हणली.

आत गार व्हतं. तोंडावर हिरवं कापड आलं, उजव्या डोळ्यापुरतं भोक. डॉक्टरीण वाकली.

"बाई, साखर एकशे शहाऐंशी हाय बरं का माझी. आन् त्या यादीवाल्याला..."

"आबा, बोलू नका. डोळा हलतोय."

मानसिंगनं जीभ परत दाताखाली धरली.