आडवा झालो आणि कामाला लागलो

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सध्या आडवा असतो. आजारी नाही, माझी नोकरीच तशी आहे.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. त्याने मला रंधा मारला, कडी बसवली, लांबून पाहिलं आणि म्हणाला, "झकास!" नंतर कळलं, तो स्टुलालाही तेच म्हणायचा. पुढे मी एका शाळेच्या प्रयोगशाळेला लागलो. माझं काम लोकांना अडवणं. ते मी मन लावून केलं. दमट हवेत फुगून मी मुख्याध्यापकांनाही अडवलं. मुलं मला लाथेने उघडायची, पण मी मनावर घेतलं नाही. मग ॲल्युमिनियमचा एक चकचकीत तरुण आला आणि मला फाटकाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे मला भेटायला फक्त एक मांजर यायचं. तेही नखं घासायला.

एका रविवारी शाळेत मतदान होतं. रांग वऱ्हांड्याच्या पायऱ्यांपासून थेट माझ्यापर्यंत आली होती. तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतून एक आजी आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे जीभही सुईसारखी. खुर्ची त्यांची नात ढकलत होती. रांगेने त्यांना पुढे जाऊ दिलं. पुढे तीन पायऱ्या होत्या.

पायऱ्यांशी उभ्या असलेल्या चार तगड्या गड्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. "आजी, उचलतो तुम्हाला."

"काही नको. मागच्या वेळीही हेच ऐकलं आणि घरी परत गेले. मी काय कपाट आहे?"

नात कुजबुजली, "आजी, एकदाच..."

"एकदाही नाही. मत माझं, जाईन माझ्या खुर्चीतून. नाहीतर यंदाही राहिलं."

केंद्रप्रमुख घाम पुसत बाहेर आले. "आजी, उतार आलाय की. खास लाकडी, नवाकोरा."

"कुठाय?"

"गच्चीवर. खराब होऊ नये म्हणून."

गच्चीची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपायाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर पाठवलं होतं. नातीने खुर्ची वळवायला घेतली.

तेव्हा रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका काकूंनी माझ्या पाठीत थाप मारली. "अहो, हा दरवाजा टाका की पायऱ्यांवर!"

"दरवाजा उतार म्हणून वापरावा, असं नियमांत कुठे नाही," केंद्रप्रमुख म्हणाले.

"वापरू नये, असं आहे?"

त्यांनी बराच विचार केला. "तसंही नाही."

आता मला तिथवर नेणार कोण? जागा सोडायला एकही माणूस तयार नव्हता. नंबर गेला तर? शेवटी मीच निघालो, हातोहात, डोक्यांवरून.

"सांभाळा, कडी लागेल!"

"काका, हात लावा ना!"

"हातात पिशव्या आहेत हो!"

"मग डोकं द्या!"

अख्ख्या रांगेने मला पुढे पोचवलं आणि एकाचाही नंबर हलला नाही. इतकी वर्षं माणसं माझ्यातून गेली. त्या दिवशी मी माणसांतून गेलो.

मला पायऱ्यांवर टाकून खाली विटा लावल्या. नात खुर्ची ढकलू लागली. मध्यावर मी करकरलो. माझा एक कोपरा कुजलेला होता, त्यामुळे मलाच माझा भरवसा वाटेना. चौघे गडी खाली बसून मला दोन्हीकडून धरून राहिले.

"बाबा रे, कुरकुर हवी तेवढी कर," आजी मला म्हणाल्या, "पण टिक."

मी टिकलो. आजी आत गेल्या.

मत कुणाला दिलं, ते त्यांनी नातीलाही सांगितलं नाही. बाहेर येताच मात्र मैत्रिणीला फोन लावला. "अगं, ये इकडे. गुडघ्यांचं कौतुक पुरे झालं. इथे दरवाजा अंथरलाय!"

संध्याकाळपर्यंत माझ्यावरून दोन काठ्या, एक कुबड्यांची जोडी आणि एक बाबागाडी गेली. बाळाला मत नव्हतं, पण त्याच्या आईला होतं. शेवटी केंद्रप्रमुखही पायऱ्या सोडून माझ्यावरूनच उतरले.

आता शाळेने माझा कोपरा बदललाय, अंगावर रबराच्या पट्ट्या ठोकल्यात. मी सुखात आहे.

मित्रांनो, मोठे झालात की मत द्यायला जा. पायरीशी कुणी थांबलेलं दिसलं, तर उचलायला धावू नका. आधी त्यांना काय हवंय ते विचारा. लाकूड कुठेतरी सापडतंच. आणि माझ्यावर चढण्याआधी पाय पुसा. पायपुसणं व्हायला मला अजून अवकाश आहे.