झोपाळूचा उत्साह

आपांचं डोकं सकाळपासून तापलं होतं. बत्तीस वर्षं त्या मदरशाच्या वसतिगृहात मुलींकडून कुराण पाठ करून घेत होत्या. कोणाला किती येतं, हे त्यांना आता मशीन सांगणार?

टॅब्लेट आल्यापासून ही नवी टूम निघाली होती. पडद्यावर ओळी बघायच्या, ऐकायच्या, बोट लावत राहायचं; त्यावरून मशीन प्रत्येकीचा उत्साह टक्क्यांत मोजणार. शिंपिणीच्या लेकीचा उत्साह निघाला शून्य. मदरशाच्या सेक्रेटरीसाहेबांनी फर्मान काढलं, जिला शिकायचंच नाही तिनं जागा अडवू नये, महिनाअखेरीस घरी पाठवा.

आता ही पोर म्हणजे झोपाळू. नाव मैत्रिणींनी ठेवलेलं, कारण ती डोळे मिटून पाठ करायची. डोळे मिटले की बोट थांबे, अर्ध्या मिनिटात पडदा काळा होई, आणि मशीन म्हणे मुलगी गैरहजर. वर्गात सगळ्यांत पुढे होती हो ती!

आपांनी सेक्रेटरींना ऑफिसातून उठवून वर्गात बसवलं. शंभर टक्केवाली दुसऱ्याच ओळीला अडखळली. तिचा तरी काय दोष, तिनं बोट लावण्याचाच सराव केला होता. मग झोपाळूनं डोळे मिटले आणि अख्खं पान न चुकता म्हटलं. सेक्रेटरींनी मान डोलावली.

"छानच म्हणते," ते म्हणाले, "पण वर रिपोर्ट जातो तो मशीनचा."

पालथ्या घड्यावर पाणी! आपांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी झोपाळू डोळे टक्क उघडे ठेवून बसली. दर अर्ध्या मिनिटाला पडद्यावर बोट. पाठ असलेली ओळ तिला तीनदा आठवेना, तेव्हा ती मुसमुसू लागली. आपांनी टॅब्लेट तिच्या हातातून ओढून घेतला.

"मीट डोळे," त्या म्हणाल्या. "बोट मी लावते."

महिनाभर रोज सकाळी आपा तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. कान पोरीकडे, बोट पडद्यावर.

महिनाअखेरीस सेक्रेटरींनी रिपोर्ट वाचला. झोपाळूचा उत्साह अठ्ठ्याण्णव टक्के, सगळी टॅब्लेटची कमाल, असं ते म्हणाले. पोरीची जागा राहिली, म्हणून आपांनी दातओठ खात टाळ्या वाजवल्या. दोन टक्के कमी पडले, कारण ती म्हणत असताना त्यांना मधेच डोळे पुसावे लागले होते.