कुरकुरणारी झडप

फोरमन खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यानं छत्तीस वर्षं काढली. गाडी फाटकातून आत शिरतानाच कुठलं बेअरिंग गेलंय ते तो कानानं ओळखायचा, आणि चूक मॅनेजरची असली तर तीही तोंडावर सांगायचा. अशा माणसानं आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही स्वतःच्या मुलीबद्दल.

झालं असं, की चार वर्षांपूर्वी मुलीनं विमा कंपनीतली चांगली खुर्ची सोडली आणि समुद्रकाठच्या कड्यांवर पक्ष्यांची रखवालदार म्हणून जाऊन राहिली. रखवालदार! फोरमनच्या घशाखाली तो शब्द उतरेना. वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं आणि तो बोलून गेला, "समुद्र खात्यात साहेब झालीय. हाताखाली तीस माणसं आहेत." तीसच का, ते त्याला स्वतःलाही कधी कळलं नाही. नंतर पोरगी साहेब म्हणून जी डेपोभर झाली ती झाली.

तिघं मित्र पुढेमागे रिटायर झाले. फोरमन, टायरवाला आणि वायरमन. टायरवाला म्हणजे नुसती बडबड. झोपेतसुद्धा बोलतो असं त्याची बायको सांगते. वायरमन दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलणार आणि त्यातली नऊ शंका असणार. एके दिवशी टायरवाल्यानं टूम काढली, "शनिवार-रविवार साहेबीणबाईंकडे जाऊ. पक्षी बघू."

"तिला कामातून डोकं वर काढायला वेळ नसतो," फोरमन म्हणाला.

"तीस माणसं आहेत की! दोन दिवस ती सांभाळतील."

शनिवारची तिकिटं निघाली. घरी बायकोनं पिशवी भरता भरता ऐकवलं, "आता तरी खरं काय ते सांगून टाका. पोरीला तिथं तोंडघशी पाडू नका." फोरमननं मान हलवली आणि बसमध्ये सहा तास खिडकीबाहेर बघत बसला. सांगितलं काही नाही.

पोरगी थांब्यावर उभी होती. रंग उडालेलं पिवळं जाकीट, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात बादली. वायरमननं आधी बादलीकडे पाहिलं, मग फोरमनकडे.

"साहेबांचं ऑफिस कुठंय?" टायरवाल्यानं हसत विचारलं.

"आज स्टाफला सुट्टी आहे," फोरमन घाईघाईनं म्हणाला.

पोरीनं एकदा बापाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तिनं टायरवाल्याच्या हातातली जड पिशवी घेतली आणि पुढं चालू लागली. फोरमनला वाटलं, त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिची खोली पत्र्याची होती. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला ओळीनं लावलेल्या वह्या. पाहुण्यांसाठी शेजारी दोन बाकांची आणि एका चटईची सोय. आणि कड्याच्या टोकाशी एक लाकडी टपरी, जिच्यात बसून पक्षी बघायचे. टपरीला समुद्राच्या बाजूनं आडवी लोखंडी झडप होती. संध्याकाळी पोरीनं ती हळूहळू वर उचलली तशी बिजागरी अशी काही कुरकुरली, की टायरवाल्यानं कानांवर हात ठेवले.

पण समोरचं बघितलं आणि ते हात आपोआप खाली आले. चाळीस पावलांवर, मधल्या खाईपलीकडे, दुसरा कडा सरळ समुद्रात उतरला होता आणि त्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पक्षी खेटून उभे होते. काळ्या पाठी, पांढरी पोटं, आणि कलकलाट तर असा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं.

"बारा हजार आहेत," पोरगी म्हणाली. "घरटं बांधत नाहीत. एकच अंडं, तेही उघड्या दगडावर. पायांवर घेऊन बसतात."

टायरवाला भारावला होता, पण जिभेला चैन कुठली! "सगळं झकास आहे गं बाळ, पण फोरमनच्या लेकीकडे बिजागरी कुरकुरते म्हणजे काय?"

"असू दे हो काका," ती हसली.

फोरमनला ते हसू लाजेचं वाटलं. रात्रभर ती कुरकुर त्याच्या डोक्यातून जाईना. पोरीला साहेब करायला निघालो आणि इथं साधी बिजागरी धड नाही. उजाडताच तो उठला. तेलाची छोटी बाटली आणि पाना घेतल्याशिवाय हा माणूस लग्नालासुद्धा जात नसे. टपरीत जाऊन त्यानं दोन्ही बिजागऱ्या पुसल्या, खीळ थोडी सैल केली, तेल सोडलं, झडप किंचित हलवून पाहिली. एकदम लोण्यासारखी. छत्तीस वर्षांत असं सुरेख काम कमीच झालं असेल असं त्याला वाटलं.

"मी वही घेऊन आलेच, बसा तुम्ही," म्हणत पोरीनं सकाळी तिघांना टपरीत पाठवलं. फोरमनला दम निघेना. "बघा," असं म्हणून त्यानं एका बोटानं झडप उचलली. ती आवाज न करता वर गेली.

आणि अख्खा कडा उडाला. समोरचे सगळे कंगोरे क्षणात रिकामे झाले, हजारो पक्षी समुद्रावर फेकल्यासारखे गेले, आणि त्यांच्या पायांखालची अंडी उघडी पडली. एक घरंगळलं आणि खाली गेलं. मागोमाग दुसरं. मग तिसरं.

"कुणी हलू नका!"

पोरगी दारात उभी होती. आवाज चढवलेला नव्हता, पण तिन्ही म्हातारे जागच्या जागी थिजले. फोरमननं तो आवाज ओळखला. वर्कशॉपमध्ये गाडी जॅकवरून सरकायला लागली की तो स्वतः याच आवाजात बोलायचा.

तिनं वाकून झडप अलगद खाली घेतली, बिजागरीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "तेल कुणी घातलं?"

मित्र बघत होते. फोरमननं खिशातली बाटली काढून दाखवली. "मी."

"बाबा, ही कुरकुर त्यांच्या ओळखीची आहे. चार वर्षं रोज ऐकतात. कुरकुर झाली म्हणजे माणूस येतोय आणि तो काही करत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आज एकदम तीन डोकी दिसली." तिनं फटीतून बाहेर पाहिलं. मोठे पांढरे कुरव पक्षी वर घिरट्या घालू लागले होते. उघडी अंडी हे त्यांचं आयतं जेवण. "मी बाहेर जाऊन बसते. कुरव मला बिचकतात. तुम्ही कुरकुर परत आणा. हुबेहूब."

"आणि नाही जमली तर?" वायरमननं विचारलं.

"बाबांना जमेल," ती म्हणाली आणि गेली.

फोरमननं शर्टाच्या बाहीनं तेल पुसलं. टायरवाला बाहेरून मूठभर वाळू घेऊन आला, वायरमननं झडप धरून ठेवली. वाळू घातली, खीळ आवळली, झडप बोटभर हलवली. आवाज आला, पण पातळ. फोरमननं डोळे मिटले, कालचा आवाज आठवला. जाड सुरू होतो, मध्ये अडतो, शेवटी चढतो. पाव फेरा आवळलं. परत. अजून अर्धा पाव. कान बरोबर काम करत होते. पाचव्या वेळी कुरकुर अशी आली, की टायरवाल्याचे हात आपोआप कानांवर गेले.

"हीच," फोरमन म्हणाला. आणि तो थांबून थांबून झडप हलवत राहिला.

फटीतून त्याला पोरगी दिसत होती. टपरीच्या खाली कड्याच्या अगदी कडेला एक सपाट दगड होता, त्यावर ती मांडी घालून बसली होती. वारा जाकीट ओढत होता. कुरव खाली झेपावत आणि तिच्यापाशी येऊन वळत. ती हात हलवत नव्हती, नुसती बसून होती. मग समुद्रावरून एक पक्षी परत आला, समोरच्या कंगोऱ्यावर उतरला आणि त्यानं चोचीनं अंडं पायांवर ओढून घेतलं. मग दहा आले. मग इतके आले की मोजता येईनात, आणि तो सगळा कलकलाट तिच्याभोवती पुन्हा भरून आला.

"साहेब स्वतः का गेल्या पण?" टायरवाला दबक्या आवाजात म्हणाला. "माणसं कुठं आहेत?"

फोरमननं झडपेवरचा हात काढला नाही. "माणसं नाहीत. साहेबही नाही ती. रखवालदार आहे. मी चार वर्षं तुम्हाला थाप मारली."

वायरमननं फटीतून बाहेर पाहिलं. "म्हणजे हे सगळं," त्यानं विचारलं, "ती एकटी सांभाळते?"

"एकटी," फोरमन म्हणाला. तीस माणसं सांगताना त्याची छाती कधी एवढी फुगली नव्हती.

तासाभरानं पोरगी आत आली. ओठ निळे पडले होते. टायरवाल्यानं न सांगता आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यांवर टाकला. तिनं वही उघडली, तारीख घातली, वेळ लिहिली. गेलेली अंडी : तीन. पुढं कारणाचा रकाना होता. तिनं बापाकडे पाहिलं.

"झडपेत बिघाड, असं लिहिते."

"झडप चांगली होती. बिघाड मी केला. तेल घातलं म्हणून लिही, आणि कुणी घातलं तेही लिही."

"नाव लिहू तुमचं?"

"नाव कशाला? इथं मला कोण ओळखतंय?" फोरमननं तेलकट बाही नीट खाली ओढली आणि ताठ उभा राहिला. "रखवालदाराचे वडील, असं लिही."