दुखलं तर हात वर कर

पीएचडी करता करता टीचिंग असिस्टंट म्हणून तिला पहिल्या वर्षाचा तर्कशास्त्राचा सराववर्ग मिळाला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त खूश झाली आत्या. का, ते पहिल्याच तासाला कळलं. पोरं येऊन बसत होती, ही फळा पुसत होती, आणि दारातून आत्या आत! जन्मभर लोकांचे दात काढून नुकतीच निवृत्त झालेली आणि गुपचूप पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली ही बाई वही उघडून पहिल्या बाकावर ठाण मांडून बसली.

"अगं चिमणे, खिडकी उघड ना जरा."

वर्गात खसखस पिकली. चिमणीचे कान लाल झाले. "इथे मॅडम म्हण," ती पुटपुटली.

"बरं, मॅडम. खिडकी उघड."

विषय होता 'जर-तर'च्या विधानांचा. चिमणीने सांगून टाकलं, "'जर'चा भाग खोटा असेल, तर अख्खं विधान खरं धरायचं." पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं. आत्याने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मला मिशा असतील, तर मी पंतप्रधान, हे खरं?"

"तर्कशास्त्रात खरं."

"कुठल्या तोंडाने सांगतेस गं हे?"

मागच्या बाकावरच्या मुलाने कानातले हेडफोन काढले. चिमणीने व्याख्या पुन्हा सांगितली, तक्ता काढला, पुसला, परत तोच काढला. आत्या ढिम्म. खरं तर नियम चिमणीलाही नुसता पाठच होता. कुणाला पटवून द्यायची वेळच आली नव्हती. घाम फुटला. मग तिला एकदम आत्याचा दवाखाना आठवला.

"पेशंटला तू सांगायचीस ना, 'हात वर केलास तर मी थांबेन'?"

"हो. शब्द असायचा माझा."

"ज्यांनी हात वर केलाच नाही, त्यांच्याबाबतीत शब्द मोडलास?"

"छे! त्यांच्यासाठी मोडायचा प्रश्नच कुठे येतो?"

"मग मोडला कधी म्हणायचा?"

आत्या विचारात पडली. "हात वर केला आणि मी थांबले नाही, तरच."

"मी सातवीत होते. चांगला उंच वर केला होता!"

अख्ख्या वर्गात हशा फुटला. "अगं, एवढंसंच राहिलं होतं!" आत्या ओरडली, पण तिचं कोण ऐकतंय? प्रत्येकाला आपापलं 'जर-तर' तपासून हवं होतं. वेळ संपली तरी कुणी हलेना.

बाहेर पडल्यावर आत्या म्हणाली, "विभागातून निरोप आलाय. नात्यातली विद्यार्थिनी चालत नाही म्हणे. मला दुसऱ्या गटात टाकताहेत."

सकाळी हे कळतं, तर चिमणीने सुटकेचा निःश्वास टाकला असता. आता मात्र तिने आत्याचा हात धरला आणि तडक विभागप्रमुखांची खोली गाठली.

"सर, तिचे पेपर दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या. पण ती माझ्याच वर्गात राहू दे."

"का? काही विशेष कारण?"

"ती असली की बाकीचेही बोलतात."

सरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि मान डोलावली.

जिना उतरल्यावर आत्याने रुमाल काढून चिमणीच्या हातात कोंबला. "तोंड पूस. आणि पुढच्या तासाला जरा तयारी करून ये."