वळणाला जागा लागते

रुळांखालची खडी चिकटवण्याआधी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. मग गोंद खाली उतरतो, वर फुगत नाही.

देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर आम्ही.

"माड आमचो." हे इथे दोन्ही घरं म्हणतात.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा वरचा कागद सोलला की आत नळ्या दिसतात. तांबड्या रंगवल्या की कौलं.

डबा रुळावरून उतरला तर आधी रुळाला दोष द्या, डब्याला नंतर, असं मोबाइलमधला तो म्हातारा म्हणतो. माणसांबद्दल तो काही म्हणत नाही.

आता नीट सांगते.

मी किशोरी. सत्यवानदादा आणि मी घराच्या खोल्या पर्यटकांना देतो. पाऊस लागला की बोटी झाकून ठेवतात, खोल्या रिकाम्या होतात, गाद्यांना बुरशी येते, आणि माझ्या मोबाइलवर व्हिडिओत तो म्हातारा येतो. कुठल्या थंड देशातला आहे ठाऊक नाही. त्याची भाषा मला अर्धी कळते, हात पूर्ण कळतात. तो टेबलावर अख्खी रेल्वे उभी करतो: बोगदे, पूल, नखाएवढी माणसं. "गोंद रात्रभर वाळू द्या," म्हणतो. मेल्या, श्रावणात देवबागात ये. इथे दोरीवरचा परकर तीन दिवस वाळत नाही. "रूळ अधूनमधून पुसा," म्हणतो. माझे रूळ खाऱ्या वाऱ्याने सकाळी काळे झालेले असतात. मी रोज पुसते. व्हिडिओ मागे घेते, परत बघते, परत चुकते, परत चिडते. तो तिकडे हसतमुखाने तेच वाक्य परत बोलतो.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं आणि एसटीची वाट बघायची. म्हटलं, आपणच आणू.

यंदा सजावटीची पाळी आमची. मूळ घरात, म्हणजे आमच्याच, भावकीचा एकच गणपती. एका वर्षी सजावट आम्ही करायची, एका वर्षी शेजारच्या शंकरकाकांनी. काकांची सजावट म्हणजे दरवेळी निळा पडदा आणि मागे फिरणारं चक्र. मला एवढंच हवं होतं: संध्याकाळच्या आरतीला सगळे जमतील तेव्हा गाडी गणपतीसमोरून एक पूर्ण फेरी मारेल, आणि ते बघतील. मी केलेलं काहीतरी बघतील. मोदक सोडून.

म्हातारा सांगतो, जी जागा पायांना ठाऊक आहे तीच बनवा. म्हणून मी आमची वाडी बनवली, तौक्ते वादळाच्या आधीची. तारेला काथ्या गुंडाळून माड. भुसा हिरवा रंगवून गवत. चिऱ्याचा चुरा चाळून खडी, आणि त्याच चिऱ्याचे बारीक तुकडे रचून आमच्या आणि काकांच्या परड्यामधला गडगा, म्हणजे हद्दीची बुटकी दगडी भिंत.

चूक इथे झाली. लांब डबे आखूड वळणावर उतरतात. वळणाला जागा लागते. एका बाजूने टेबल भिंतीला टेकलेलं, तिकडे सरकायला वाव नाही. म्हणून मी गडगा काकांच्या बाजूला सरकवला. दोन बोटं. त्याच्या पलीकडे लागून असलेला माड होता तिथेच राहिला, फक्त तो आता गडग्याच्या अलीकडे आला. आमच्याकडे.

म्हाताऱ्याने याबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्याच्या देशात दोन बोटांना दोन बोटंच म्हणत असतील.

चतुर्थीची सकाळ. गणपती बसला. काका पाया पडले आणि उठता उठता टेबलाशी थांबले. इंजिन त्यांच्या नाकासमोर उभं होतं. त्यांनी ते बघितलं नाही.

"गो किशोरी, हो गडगो खंय घातलंस?"

"हय. खंय म्हणजे?"

"माड खंयच्या बाजूक इलो?"

"काका, रुळाक वळाक जागा होई. नायतर डबे पडतत."

"डबे पडतत म्हणान माड तुमचो?"

"माड पडलो काका. तौक्तेत. कोयतो घेवन तुमीच इल्लास तोडूक."

"माड पडलो. जागा पडाक नाय. माझ्या बापाशीन माका दिलेलो माड तो."

खरं सांगते, त्या जागी आता अळू आहे. माडाची लाकडं दोन्ही घरांच्या चुलीत कधीच जळून गेली.

दादा मध्ये पडला. "काका, खेळ आसा तो. तिका काय कळता?"

हे माझ्या बाजूने बोलणं होतं.

"खेळ?" काका म्हणाले. "जी रेल्वे मालवणाक येवक नाय, ती बरी माझ्या परड्यात इली! उद्या मोजणीवाले इले की ह्याचो फोटो दाखवशात. गडगो हलवा. नायतर सांजच्या आरतेक आमच्यातलो एक माणूस येवचो नाय, सांगान ठेवतंय."

ते गेले. आई काशीबाई, जी मला खोबरं खवून दे म्हणून सकाळपासून ओरडत होती, ती एकदम मऊ झाली.

"सरकव गो बाये. दोन बोटांचो काय तो वाद?"

"दोन बोटांचो वाद नाय, तर काकाक सांग."

"तो मोठो माणूस."

"आणि मी?"

"तू सारण बघ. करपतला."

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. सारण बघितलं.

(थांबवते. मागे घेते. इथे काय झालं ते मी बघितलं नाही, पण मला ठाऊक आहे. मी मोदकांच्या वाफेत होते. दादा टेबलाशी गेला. त्याने टाचण्या उपटल्या. मी जे वळण कागदावर कंपासने काढून, कापून, फळीवर ठेवून, पुन्हा कापून बसवलं होतं, ते त्याने अंगठ्याने आत दाबलं. भाकरीची कड दाबतात तसं. गडगा परत जागेवर ठेवला. हात झटकले. गावात शांतता राखणं म्हणजे काय ते एवढंच: बाईने केलेल्या गोष्टीची कड दाबायची.)

संध्याकाळी भावकी आली. काकाही आले. त्यांनी आधी गडगा बघितला, मग गणपती. समाधान झालं. आरतीला त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

आरती संपली. "बघा हां," मी म्हटलं आणि बटण फिरवलं.

गाडी निघाली. बोगद्यातून आली, पुलावरून गेली. कोणाच्या तरी तोंडून "अगो!" निघालं. मग ते वळण आलं. इंजिन गेलं. पहिला डबा तिरका झाला, दुसरा त्याच्यावर चढला आणि दोन्ही गडग्यावर आपटले.

"किशोरे!" काका ओरडले. "दरड इली काय गो?"

सगळे हसले. पोटं धरून हसले. आईसुद्धा. दादा मात्र गणपतीच्या डोक्यावर माटीला, म्हणजे फळाफुलांच्या लाकडी चौकटीला, टांगलेल्या काकडीकडे बघत होता. त्या काकडीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी वळणावरून बोट फिरवलं. आखूड. टाचण्यांची जुनी भोकं बाजूला उघडी पडलेली.

"कोणी हलयल्यान?"

"मीच," दादा म्हणाला. "तू सांगान ऐकतंस खंय?"

राग यायला वेळ लागतो असं म्हणतात. मला नाही लागला. दोन महिने लागले होते, ते रूळ बसवायला.

मी गडगा उचकटला. अर्धा नाही, सगळा. दगडांमधला सुकलेला गोंद कडकड सुटला. सगळे तुकडे दादाच्या हातात कोंबले. टाचण्या काढल्या, वळण जुन्या भोकांवर आणलं, अंगठ्याने सांधे चाचपले. डबे रुळावर ठेवले. चाकं बसली.

"आता बघा," मी म्हटलं. "गाडी बघा."

बटण फिरवलं.

"म्हणजे आता गडगोच नाय?" काका. "सगळाच तुमचा?"

"सगळा आमचा?" दादा दगड धरून उभा. "काका, उलट आमचो हक्क घालवल्यान तिना! किशोरी, ह्या काय केलंस? सगळ्यांच्या समोर?"

"हक्क? तुमचो हक्क होतोच खंय?"

"आजोबांनी वाटणी केली तेव्हा तुमी मुंबैत होतास!"

"मुंबैत होतंय म्हणान माड सोडलंय? तुझ्या बापाशीक विचार!"

"तो मेलो!"

"गाडी बघा!" मी ओरडले. घसा फाटेल इतकी ओरडले.

"तू मधी बोलू नको," दोघंही म्हणाले. त्या दिवसात त्यांचं जमलेलं ते एकच वाक्य.

मग बाकीचे बोलायला लागले. गडगा कोणी बांधला, चिरे कोणी आणले, अळू कोणी लावलं. सगळे टेबलाकडे पाठ करून, कारण खरी जागा खिडकीतून दिसते आणि प्रत्येकाला तिकडे बोट दाखवायचं होतं. गाडी त्या वळणावर आली. इंजिन गेलं. पहिला डबा गेला, दुसरा गेला. गणपतीसमोरून, मोदकांच्या ताटासमोरून, खिडकीकडे वळलेल्या त्या सगळ्या पाठींमागून ती गेली आणि परत बोगद्यात शिरली.

मी बटण बंद केलं नाही.

आषाढात गाडीने पहिली पूर्ण फेरी मारली तेव्हा घरात मी एकटीच होते, आणि शिट्टी मी तोंडाने वाजवली होती.