अंडी कुणाची?

मुरगूडच्या बाहेर, ओढ्याकडच्या रानात शालूबाईंनी भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. विकायच्या नव्हत्या. पुढच्या वर्षीचं बियाणं होतं ते. त्यांच्या सासूपासून चालत आलेली ही शेंग बाजारात कुठे मिळत नव्हती. ओल्या शेंगांचा ढीग घातला, तर आत उबारा धरून बुरशी येते आणि दाणा उगवत नाही. उघड्यावर पाऊस लागला, तरी बियाणं गेलंच. शेंगा अजून निम्म्याच वाळल्या होत्या.

उन्हं चांगली चढली होती, तेवढ्यात शालूबाई ओरडल्या, "कृष्णात, ताडपत्री आण रं! शेंगा गोळा करून झाकायच्या. पाऊस येतोय."

त्यांच्या मुलानं वर पाहिलं. "आये, ढगाचं नाव न्हाय आभाळात."

"आभाळाचं मला नगो सांगूस. मुंग्या अंडी घिऊन निघाल्यात. डोळं हायत न्हवं तुला?"

बांधाकडेनं खरंच बारीक, तांबूस मुंग्यांची रांग चालली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा होता. हे दिसलं की पाऊस जवळ आला, असं त्या भागात लहान पोरही सांगतं. कृष्णात ताडपत्री आणायला घराकडे निघाला.

शालूबाईंचे धाकटे भाऊ अप्पा चार दिवस बहिणीकडे राहायला आले होते. शहरात, राजारामपुरीतल्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म शास्त्र शिकवलं होतं. ते रांगेपाशी उकिडवे बसले.

"आक्का, जरा दम धर की."

"दम धरून काय करू? बियाणं भिजवू?"

"कृष्णात येईपर्यंत तरी. क्रांती, इकडं ये बघू."

क्रांती ही कृष्णातची मुलगी, सहावीतली; शाळेला सुट्टी होती. ती धावत आली.

"ही अंडी कुणाची?" अप्पांनी विचारलं.

"मुंग्यांची."

"कुठल्या मुंग्यांची?"

"ह्यांचीच की! दुसऱ्याची पोरं कोण कशाला उचलंल?"

"मग रांग कुठून येते, ते बघून ये. हात लावू नकोस, डसतात."

क्रांती रांगेच्या कडेनं वाकून चालू लागली. रांग एका दगडाखालून निघत होती. तिथे वेगळ्याच, काळ्या मुंग्यांचं बीळ होतं आणि त्या सैरावैरा बाहेर पडत होत्या. काहींच्या तोंडात पांढरे दाणे होते. ते घेऊन त्या गवताच्या काड्यांवर चढत होत्या आणि टोकाला जाऊन गप्प बसत होत्या. खाली एका काळ्या मुंगीच्या पायांना चार-पाच तांबड्या लोंबकळत होत्या.

"आप्पा आजोबा, मारामारी हाय! तांबड्या लुटायला लागल्यात!"

"बरोबर. या लष्करी मुंग्या," अप्पा म्हणाले. "आपल्याकडच्या या गटाला एनिक्टस म्हणतात. आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या लष्करी मुंग्या यांच्याच उपकुळातल्या. एनिक्टस मात्र आफ्रिकेपासून भारतावरून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतात. त्यांच्यातही पुष्कळ जाती आहेत. ही नेमकी कुठली, ते भिंगाखाली धरल्याशिवाय मी सांगणार नाही. पण सवय सगळ्यांची एकच. एकटी मुंगी शिकारीला जात नाही, फौजच जाते. आणि गंमत म्हणजे यांना डोळेच नसतात."

"मग वाट कशी कळती?"

"वासानं. पुढचीनं सोडलेल्या वासावरून मागची चालते. दुसऱ्या मुंग्यांच्या बिळात शिरायचं, अंडी, अळ्या, कोष उचलायचे आणि नेऊन खायचे. कायमचं घर नाही. इथलं संपलं की बिऱ्हाड पुढं."

शालूबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "तांबड्यांचं सोड. काळ्या गवतावर का चढल्यात मग? त्यास्नी पाऊस कळला असंल."

अप्पा क्रांतीकडे बघून नुसते हसले. तुझं तू शोध, असं त्या हसण्यात होतं.

क्रांती बांधावरून पुढे गेली. थोड्या अंतरावर तसल्याच काळ्या मुंग्यांचं आणखी एक बीळ होतं. तिथल्या मुंग्या निवांतपणे गवताचं बी आत नेत होत्या. मग ती उलट फिरली आणि तांबड्यांची रांग कुठे जाते ते पाहून आली.

"आज्जी, पलीकडच्या काळ्या अजाबात पळंनात. पाऊस असता तर त्यास्नी बी कळला असता. ह्या आपली अंडी वाचवायला वर चढल्यात. आणि ह्या तांबड्या खाली वड्याकडं उतरल्यात, पाचोळ्यात. पाण्याला भ्याल्या असत्या तर वर चढल्या असत्या की!"

शालूबाईंनी स्वतः जाऊन दोन्ही बिळं बघितली. खाली ओढ्यापर्यंतही गेल्या. परत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता.

"म्हंजे पाऊस न्हाय म्हण की, आप्पा."

"तसं मुंग्या सांगत नाहीत, आक्का. त्यांच्याकडून पावसाची काहीच बातमी नाही. पावसाचं तू ठरव. रान तुझं, आणि हवा तुला माझ्यापेक्षा जास्त कळते."

शालूबाईंनी वाऱ्याकडे तोंड केलं. पहाटे धुकं पडलं होतं, म्हणजे पाऊस सरल्याची खूण. परतीचा पाऊस यायचा असला की अंगाला जो चिकट उकाडा जाणवतो, तो नव्हता. वारा कोरडा होता, ओठ फुटायला लागले होते. एवढ्यात कृष्णात डोक्यावर ताडपत्री घेऊन आला.

"आये, कुठनं धरू?"

"धरू नगो, तिथंच टाक. बसायला हुईल." त्या शेंगांत शिरल्या आणि पायानं खालच्या शेंगा वर करू लागल्या. "बघत काय ऱ्हायलास? हलीव शेंगा. ऊन फुकट चाललंय."

"मग मला पळवलंस कशापायी?"

"चालल्यानं झिजतोस व्हय?"

सगळेच हसले आणि शेंगा हलवायला लागले. दुपारी पश्चिमेला ढगाचा एक पांढरा तुकडा आला. शालूबाईंनी दोनदा तिकडे पाहिलं, पण ताडपत्रीला हात लावला नाही. तो तुकडा तसाच विरून गेला.

उन्हं उतरल्यावर त्यांनी एक शेंग उचलून क्रांतीच्या कानाशी हलवली. आतले दाणे खुळखुळले.

"अजून एक ऊन," शालूबाई म्हणाल्या, "मग कडू लिंबाचा पाला घालून पोत्यात भरू. फुडल्या वर्षी पेरणीची पयली वळ तू लावायचीस."