पुस्तकातलं तिसरं प्रकरण

कळसच्या दत्तोबा मास्तरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर सगळ्या धर्मांची ओळख करून देणारं एक छोटं पुस्तक लिहिलं. पुण्याच्या एका प्रकाशकानं ते छापलं आणि १९३७च्या उन्हाळ्यात इंदापूर-बारामतीच्या बाजारांत ते हातोहात खपलं. तिसरं प्रकरण इस्लामचं. त्यात तलवारी, लुटालूट आणि पाडलेली देवळं यांखेरीज काही नव्हतं. मास्तरांनी कुराण कधी उघडलं नव्हतं. इकडचं तिकडचं वाचून ठोकून दिलं होतं.

गावात मुसलमानाचं घर एकच, मकबूल आतारांचं. कुंकू, बुक्का, काळी पोत विकत ते दारोदार फिरत. मास्तरांची बायको प्लेगात गेली, सारी आळी रानात पळाली होती, तेव्हा खांदा द्यायला हाच माणूस आला होता.

चावडीवर ते प्रकरण मोठ्यानं वाचलं जाऊ लागलं. महिन्याभरात बायकांनी आतारांचं कुंकू घ्यायचं सोडलं. मग एका सकाळी विहिरीवर आतारांच्या बायकोची घागर कुणीतरी फोडली.

मास्तर हादरले. ते प्रकरण काढा म्हणून त्यांनी प्रकाशकाला पत्र धाडलं. उत्तर आलं, की लोक त्याच प्रकरणासाठी पुस्तक घेतात, दुसरी आवृत्ती छापायला गेलीय. मग ते इंदापूरच्या बाजारात एका ओट्यावर चढले. लढाया सगळ्याच राजांनी केल्या, त्यावरून धर्म जोखता येत नाही, असं घसा बसेस्तोवर सांगत राहिले. त्यांचाच जुना विद्यार्थी महिपती पुस्तक घेऊन पुढं आला.

"गुरुजी, हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"मीच. पण ते चुकलं."

"चुकलं न्हाय. आता तुमी भ्यालात."

लोकांनाही तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी आतारांनी सोलापूरच्या भाच्याकडे जायला गाडी जुंपली. मास्तर बैलांपुढं आडवे उभे राहिले. मी घरोघर जाऊन सांगतो, गाव सोडू नका, म्हणून विनवू लागले. मकबूलभाई खाली उतरले.

"मास्तर, लिहायच्या आधी एकदा मला तरी इचारायचं. घर समोरच तर व्हतं."

मास्तर बाजूला झाले. गाडी गेली.

तरीही ते घरोघर गेले. लोकांनी घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं, त्यांचं म्हणणं मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटच्या घरी सोनबा नावाच्या म्हाताऱ्यानं कौतुकानं नातीला बाहेर बोलावलं. पोरीनं हात जोडले आणि तिसरं प्रकरण पहिल्या ओळीपासून तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. मास्तर कानांवर हात ठेवून उंबऱ्यातच खाली बसले. ती कुठंही अडखळली नाही.